नागपूरच्या पक्षिनिरीक्षकांनी श्रीलंकेची सहल कशी आखावी

श्रीलंकेचे क्षेत्रफळ ६५,६१० चौरस किलोमीटर आहे आणि आपला विदर्भ सुमारे ९७ हजार चौरस किलोमीटरचा आहे, म्हणजे हा अख्खा देश विदर्भाच्या दोन-तृतीयांशात मावतो. तरीही जगात इतरत्र कुठेही न आढळणाऱ्या सुमारे ३४ पक्षिजाती तिथे राहतात. नागपूरहून तिथे पक्षी पाहायला जाणाऱ्यांची संख्या वाढते आहे. मात्र त्यांतील अनेक जण सहल कंपनीने आधीच ठरवून ठेवलेल्या मार्गानेच फिरतात. त्यात कँडी असते, याला राष्ट्रीय उद्यानाची जीप-सफारी असते, एखादा समुद्रकिनारा असतो आणि ज्या जंगलात या ३४ पैकी बहुतेक जाती राहतात त्या जंगलाच्या वाट्याला जेमतेम एक सकाळ येते. परिणामी माणूस परततो तो चित्रबलाक, शेकाट्या, कमळपक्षी आणि वेडे राघू यांची यादी घेऊन, जी त्याला नवेगावबांधला किंवा उमरेडकडच्या एखाद्या तलावावर सहज करता आली असती. म्हणून स्थळांच्या प्रसिद्धीपेक्षा अधिवास पाहून दिवस वाटावेत, आणि जे आपल्याकडे नाही त्याला सर्वांत जास्त दिवस द्यावेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

अधिवासाचे गणित तिथल्या पावसावर ठरते. बेटाच्या मध्यभागी डोंगराळ प्रदेश आहे आणि पिदुरुतलागल हे त्यातील सर्वोच्च शिखर २,५२४ मीटर उंच आहे. मे ते सप्टेंबर या काळात नैर्ऋत्य मोसमी वारे या डोंगरांना अडतात, त्यामुळे नैर्ऋत्येच्या भागात वर्षाला अडीच हजार मिलीमीटरहून अधिक पाऊस पडतो. उत्तर, पूर्व आणि आग्नेय भाग पर्जन्यछायेत राहतात. तिथे साधारण १,७५० मिलीमीटरपेक्षा कमी पाऊस पडतो आणि त्यातला बराचसा डिसेंबर ते फेब्रुवारीच्या ईशान्य मोसमी वाऱ्यांवर व त्याआधीच्या महिन्यांवर अवलंबून असतो. पहिल्या भागाला ओला पट्टा म्हणतात आणि दुसऱ्याला कोरडा. नागपूरचा पाऊस हजार-अकराशे मिलीमीटरचा असल्यामुळे तो कोरडा पट्टाही आपल्याला चांगलाच हिरवा वाटतो, ही गोष्ट वेगळी. बेटापुरत्या मर्यादित असलेल्या बहुतेक जाती ओल्या पट्ट्यातील सखल जंगलांत आणि डोंगरमाथ्यावर आहेत. कोरड्या पट्ट्याचे वैभव पाणपक्ष्यांत आणि हिवाळी पाहुण्यांत आहे.

स्थळे निवडताना आणखी एक कसोटी हाताशी ठेवावी. बर्डलाइफ इंटरनॅशनल ही संस्था जगभरातील महत्त्वाची पक्षिक्षेत्रे काही ठरावीक निकषांवर निवडते. त्या जागेत जागतिक पातळीवर धोक्यात असलेली जाती आहे का, ५० हजार चौरस किलोमीटरपेक्षाही लहान प्रदेशात सीमित असलेल्या जाती आहेत का, एखाद्या विशिष्ट जैवप्रदेशाचे पक्षी तिथे एकत्र सापडतात का, आणि पक्षी फार मोठ्या संख्येने तिथे गोळा होतात का, असे ते प्रश्न आहेत. श्रीलंकेत हे काम फील्ड ऑर्निथॉलॉजी ग्रुप ऑफ श्रीलंका या १९७६ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेने पुढे नेले. सहलीला निघणाऱ्याने प्रत्येक ठिकाणाबद्दल विचारावे, की हे ठिकाण कोणत्या निकषावर महत्त्वाचे ठरले. रानपिंगळा या दुर्मीळ घुबडासाठी आपण मेळघाटात जातो तेव्हा एकाच पक्ष्यामागे दिवस घालवण्याची तयारी ठेवतो. पहिल्या दोन निकषांवरच्या जागा तशाच सबुरीने पाहायच्या असतात. मोठ्या थव्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या जागांचे तसे नसते. तिथे योग्य महिना साधला, की एका सकाळीही भरपूर पाहायला मिळते, आणि महिना चुकला तर आठवडाभर राहूनही उपयोग होत नाही.

काळ निवडण्यात फार पर्याय नाहीत. स्थलांतरित पक्षी सप्टेंबर-ऑक्टोबरपासून येऊ लागतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत परततात. नैर्ऋत्येची जंगले जानेवारी ते मार्च या काळात त्यातल्या त्यात कोरडी असतात. या दोन्हींचा मेळ जानेवारीच्या मध्यापासून मार्चच्या मध्यापर्यंत बसतो. मुलांच्या परीक्षा लक्षात घेता नागपूरकरांसाठी संक्रांतीनंतरचे चार-पाच आठवडे सर्वांत सोयीचे ठरतात. मे महिन्याच्या सुट्टीशिवाय दुसरा वेळच नसेल, तर नैर्ऋत्येतील सिंहराजा जंगलाचा हट्ट सोडून पूर्वेकडील कुमनाचा विचार करावा. त्याविषयी पुढे लिहिले आहे.

सिंहराजा: सर्वांत जास्त दिवस इथे

नैर्ऋत्येतील सिंहराजा हे सखल पर्जन्यवन १९८८ मध्ये जागतिक वारसा यादीत आले. त्याआधी, १९७० च्या दशकात, प्लायवूडसाठी या जंगलात यंत्रांनी लाकूडतोड सुरू झाली होती आणि लोकांच्या तीव्र विरोधानंतर १९७७ मध्ये ती थांबली. त्या विरोधाचे नेतृत्व करणाऱ्यांत थिलो हॉफमन हे प्रमुख होते. पुढे १९९५ मध्ये पक्षितज्ज्ञ दीपल वारकागोडा यांनी कितुलगलाच्या जंगलात एका अनोळखी घुबडाचा आवाज ऐकला, २००१ च्या जानेवारीत सिंहराजात ते घुबड प्रत्यक्ष दिसले, आणि २००४ मध्ये शास्त्रीय वर्णन होऊन त्याला हॉफमन यांचे नाव मिळाले. सेरेंडिब घुबड ते हेच. १८६८ नंतर श्रीलंकेत सापडलेली ही पहिली नवी पक्षिजाती होती. ज्या जंगलाचे फळकुट व्हायचे होते त्याच जंगलात हा पक्षी दिवसा एखाद्या वेताच्या किंवा नेच्याच्या गचपणात, जमिनीपासून हातभर उंचीवर डोळे मिटून बसलेला असतो. सोबतचा स्थानिक वाटाड्या दाखवत नाही तोवर तो वाळक्या पानापेक्षा वेगळा वाटत नाही.

सिंहराजाला कुडावा आणि देनियाय अशा दोन बाजूंनी जाता येते. पहिल्यांदा जाणाऱ्याने वेड्डागलमार्गे कुडावा निवडावे, कारण तिथून आत जाणारी जुनी लाकूडतोडीची वाट रुंद आणि चढ-उतार कमी असलेली आहे. वाट मोकळी असल्यामुळे वरच्या फांद्यांपर्यंत नजर पोचते. वनखात्याच्या कार्यालयात शुल्क भरून वाटाड्या सोबत घ्यावा लागतो. किमान तीन रात्री मुक्काम ठेवावा. पाऊस कोणत्याही दुपारी येऊ शकतो आणि एखादा अर्धा दिवस वाया जाणार हे गृहीत धरूनच हा आकडा मी सांगतो आहे.

इथे पक्षी एकेकटे शोधायचे नसतात, मिश्र थव्याची वाट पाहायची असते. सिंहराजातील थव्यांवर १९८० च्या दशकापासून अभ्यास झाला आहे. सरथ कोटगामा आणि त्यांच्या सहकाऱ्यांना एका थव्यात सरासरी ४० च्या आसपास पक्षी आणि ११-१२ जाती आढळल्या. नारिंगी चोचीचे सातभाई आणि तुरेवाला श्रीलंकी कोतवाल हे या थव्याचा कणा आहेत. सातभाई संख्येने सर्वांत जास्त असतात आणि अखंड बडबडत पुढे सरकतात. कोतवाल कमी असतात, पण शिकारी पक्षी दिसला की इशारा त्यांच्याकडूनच मिळतो, आणि इतर जातींचे आवाज हुबेहूब काढण्यातही ते तरबेज असतात.

बराच वेळ जंगल अगदी रिकामे वाटते, इतके की आपण चुकीच्या दिवशी आलो असे मनात येते. मग वाटेच्या एका बाजूने सातभायांची कुजबुज ऐकू येते आणि पाहता पाहता वाढते. अशा वेळी थव्याच्या मागे धावू नये. तो कोणत्या दिशेने सरकतो आहे हे ओळखून वाटेवर वीस-तीस पावले पुढे जावे आणि पाठ झाडाला लावून उभे राहावे. दुर्बीण आधी खाली धरावी, कारण राखी डोक्याचे लाफिंगथ्रश जमिनीलगत पाचोळा उलटत जातात आणि सर्वांत आधी निसटतात. नंतर मधल्या फांद्या पाहाव्यात. तिथे मलबारी कर्णा पोट दाखवत निश्चल बसलेला असू शकतो. सर्वांत शेवटी शेंड्याकडे पाहावे. तांबड्या चेहऱ्याचा मालकोहा आवाज न करता, फांदीवरून फांदीवर खारीसारखा सरकत जातो. लांब शेपटी पानांबाहेर आली तरच त्याचा पत्ता लागतो. निळा मॅगपाय मात्र लपत नाही. निळे अंग, तपकिरी डोके आणि लालभडक चोच व पाय घेऊन तो कर्कश ओरडत येतो आणि कधी कधी वाटेच्या कडेलाच उतरतो. सारे काही पाच-दहा मिनिटांत आटोपते. तेवढ्या वेळात छायाचित्रे काढायची की पक्षी पाहायचे हे आधीच ठरवून ठेवावे. पहिल्या दोन थव्यांना तरी कॅमेरा पिशवीत राहू द्यावा, असे मी आग्रहाने सांगेन.

जळवांची आपल्या भागातील माणसाला सवय नसते. पँटवरून गुडघ्यापर्यंत चढवायचे घट्ट विणीचे मोजे मिळतात, ते घ्यावेत आणि वाटेवर एकाच जागी पाचोळ्यात फार वेळ उभे राहणे टाळावे. चावलेली जळू ओढून काढण्यापेक्षा नखाने तिचे तोंड सरकवून सोडवावी.

सिंहराजाच्या आधी केलानी नदीकाठच्या कितुलगलाला दोन रात्री राहिल्यास कान तयार होतात. नदीपलीकडचे जंगल लहान आहे, पण सिंहराजातील बऱ्याच जाती तिथे भेटतात आणि विमानतळाहून ते अर्ध्या दिवसाच्या अंतरावर आहे.

डोंगरमाथा

होर्टन प्लेन्स हे पठार २,१०० ते २,३०० मीटर उंचीवर आहे. १९८८ पासून ते राष्ट्रीय उद्यान आहे आणि २०१० मध्ये मध्य डोंगरप्रदेशाचा भाग म्हणून जागतिक वारसा यादीत गेले. बहुतेक लोक कड्यावरून दरी पाहायला येतात आणि साडेनऊ किलोमीटरची फेरी झपाझप पूर्ण करतात. पक्षी पाहणाऱ्याने त्या गर्दीच्या आधी पोचावे. पट्टिपोलच्या बाजूने वर जाताना रस्त्याकडेला अरेंगा पूल या नावाने ओळखले जाणारे लहानसे तळे आहे आणि श्रीलंकी शीळकरी कस्तूर पाहण्याची सर्वांत भरवशाची जागा तीच. उजाडता उजाडता तिथे उभे राहून बारीक, कानात टोचणारी शीळ ऐकावी. नर जवळजवळ काळा असतो आणि खांद्यावर चकाकत्या निळ्या रंगाचा ठिपका असतो. पुरेसा उजेड पडेपर्यंत तो ठिपका दिसत नाही आणि पुरेसा उजेड पडला की पक्षी झुडपात जातो, त्यामुळे मधली काही मिनिटेच आपली. पिवळ्या कानाचा बुलबुल, निळसर माशीमार आणि श्रीलंकी चष्मेवाला मात्र दिवसभर भेटत राहतात.

जानेवारीत पठारावर पहाटे दवाचे बर्फ होते, म्हणून नागपूरच्या थंडीचे कपडे पुरेसे आहेत असे समजू नये. हातमोजे आणि कानटोपी सोबत ठेवावी. पॉलिथिनच्या पिशव्या प्रवेशद्वारावर काढून घेतात, तेव्हा डबा कापडात किंवा स्टीलच्या डब्यात न्यावा.

मुक्काम नुवारा एलियाला करावा आणि एक संध्याकाळ गावातील व्हिक्टोरिया पार्कसाठी राखून ठेवावी. दिसायला ती एक साधी शहरी बाग आहे, आपल्या महाराजबागेपेक्षा शांत. पण बागेच्या कडेने वाहणाऱ्या ओढ्याजवळ हिवाळ्यात काश्मिरी माशीमार, हिमालयातून आलेला कवडी कस्तूर आणि नवरंग हे तिन्ही पाहायला मिळू शकतात. काश्मिरी माशीमार हा जगभरात धोक्यात असलेला पक्षी काश्मीरच्या परिसरात वीण करतो आणि हिवाळा जवळजवळ पूर्णपणे श्रीलंकेच्या आणि दक्षिण भारताच्या डोंगरांत काढतो. नवरंगाचे तर आपल्याशी थेट नाते आहे. पावसाळ्याच्या तोंडावर नागझिरा-पेंचच्या जंगलात जो पक्षी गळा ताणून दोन स्वरांची शीळ घालतो, त्याच्याच जातीचे पक्षी हिवाळ्यात दक्षिण भारतात आणि या बेटावर उतरतात. सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास तो हमखास बोलतो. तेव्हाच त्याचा माग काढावा.

कोरडा पट्टा: काय घ्यावे, काय सोडावे

कोरड्या पट्ट्यातील गावतलाव पाहताना भंडारा-गोंदियाच्या माणसाला आपल्याच मुलखात आल्यासारखे वाटेल. ओढ्याच्या एकाच खोऱ्यात एकाखाली एक तलाव बांधायचे, वरच्या तलावाचे निघालेले पाणी शेतांतून खालच्या तलावात घ्यायचे, ही तिथली व्यवस्था दोन हजार वर्षांहून जुनी आहे आणि २०१७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने तिला जागतिक महत्त्वाचा कृषिवारसा म्हणून मान्यता दिली. कोहळी समाजाने बांधलेले आपले मालगुजारी तलाव याच बुद्धीचे आहेत. मात्र पक्ष्यांच्या दृष्टीने पाहिले तर इथले अडई, जांभळी पाणकोंबडी, कमळपक्षी, पाणकावळे आपल्याकडे आहेतच. म्हणून दक्षिणेकडील तिस्समहाराम गावच्या तलावांवर एक संध्याकाळ पुरते.

बुंदलाबद्दल एक गैरसमज दूर करायला हवा. दक्षिण किनाऱ्यावरचे हे उद्यान १९९० मध्ये श्रीलंकेचे पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय करारानुसार महत्त्वाची पाणथळ जागा, ठरले आणि अनेक वर्षे ते रोहित (फ्लेमिंगो) पक्ष्यांसाठी ओळखले जात होते. पुढे किरिंदी ओया सिंचन योजनेच्या शेतांतून निघणारे गोडे पाणी इथल्या खाजणांत उतरू लागले, एम्बिलिकला आणि मलला या खाजणांची क्षारता घटली आणि खाऱ्या पाण्यातील सूक्ष्मजीवांवर जगणारे रोहित तिथून कमी होत गेले. त्यात वेड्या बाभळीनेही बरीच जमीन व्यापली आहे. रोहित पाहायचे म्हणून बुंदलाला जाऊ नये. चिखलपट्ट्यांवरचे छोटे तुतवार आणि चिखल्या, मिठागरांच्या बांधावर उन्हात बसलेले मोठे करवानक आणि सुरयांचे थवे यांच्यासाठी मात्र अवश्य जावे. याला उद्यान सोडले तरी चालेल. ज्याला बिबट्या पाहायचा आहे त्याने जावे, पण तो दिवस पक्ष्यांच्या हिशेबात धरू नये.

रोहित आता पाहावेत ते मन्नारला. वायव्येकडील हे बेट धनुष्कोडीच्या समोर आहे आणि मध्य आशियातून भारतावरून येणारे पाणपक्षी श्रीलंकेत याच दारातून शिरतात. बेटाकडे जाणाऱ्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या उथळ पाण्यात आणि २०१० पासून रामसर स्थळ असलेल्या वंकालई अभयारण्यात डिसेंबर ते मार्च या काळात रोहितांसोबत तलवार बदके, तरंग, भुवई बदके आणि मालगुजे मोठ्या संख्येने उतरतात. क्रॅब प्लोव्हर हा काळा-पांढरा, जाड चोचीचा किनारी पक्षी नागपूरकराला घराजवळ कधीच दिसणार नाही; तो इथे पाहून घ्यावा. कोलंबोचे निरीक्षक मन्नारला ज्या पक्ष्यांसाठी मुद्दाम येतात त्यांत राखी तित्तर, धाविक आणि आपला साधा कोतवाल आहे, कारण त्या देशात या जाती उत्तर आणि वायव्येच्या कोरड्या पट्टीपुरत्याच आहेत. वाटाड्या उत्साहाने तित्तर दाखवू लागला, तर हिंगण्याच्या शेतात तो रोज ओरडतो हे नम्रपणे सांगून वेळ वाचवावा. बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावर २०२० मध्ये ३० पवनचक्क्या उभ्या राहिल्या आहेत. ज्या वाटेने थवे ये-जा करतात तिथेच त्या फिरत असलेल्या पाहून मला काळजी वाटते, आणि जाणाऱ्याने तिथल्या थव्यांची नोंद नेमकेपणाने करावी, असे वाटण्याचे हेही एक कारण आहे.

मन्नार इतर स्थळांपासून दूर आहे. दहा-बारा दिवसांच्या सहलीत कितुलगल, नुवारा एलिया, तिस्समहाराम आणि सिंहराजा हे वर्तुळ नीट बसते. मन्नार जोडायचे असेल तर अनुराधपुरामार्गे आणखी तीन दिवस धरावेत, अन्यथा पुढच्या खेपेसाठी ठेवावे.

कुमना पूर्व किनाऱ्यावर आहे. तिथल्या कुमना विल्लू या दलदलीत चित्रबलाक, चमचे, अवाक आणि पाणकावळे एप्रिल ते जुलैच्या सुमारास वसाहती करून वीण करतात. नैर्ऋत्येत धो-धो पाऊस पडत असताना हा भाग कोरडा असतो, म्हणून उन्हाळी सुट्टीत जाणाऱ्यांना हेच ठिकाण सुचवावेसे वाटते. घरट्यांच्या झाडांजवळ जीप नेण्याचा आग्रह मात्र कुणी धरू नये. पक्षी उठले की उघडी पडलेली अंडी व पिल्ले घारी-कावळ्यांच्या तोंडी जातात.

निघण्यापूर्वी

नागपूरहून कोलंबोला थेट विमान नाही. चेन्नई, बंगळूर किंवा मुंबईहून जावे लागते. चेन्नईपर्यंत रेल्वेने जाणे स्वस्त पडते, परंतु परतीच्या गाडीचे आरक्षण विमानाच्या वेळेपासून पुरेसे दूर ठेवावे. विमानतळ कटुनायकला आहे, कोलंबो शहराच्या उत्तरेस, त्यामुळे पहिल्याच दिवशी शहरात न शिरता कितुलगलाचा रस्ता धरता येतो. प्रवेश परवान्याचे नियम बदलत असतात, म्हणून ते श्रीलंका सरकारच्या अधिकृत संकेतस्थळावरच पाहावेत. राष्ट्रीय उद्यानांत सार्क देशांच्या नागरिकांना काही ठिकाणी सवलतीचा दर मिळतो. पासपोर्ट सोबत असेल तरच तो मागता येतो. शाकाहारी मंडळींनी जेवण सांगताना मालदीव मासळी नको असे स्पष्ट सांगावे, कारण सुक्या मासळीचा हा चुरा चटणीत आणि पुष्कळदा भाजीतही घालतात.

तयारी घरूनच सुरू करावी. ईबर्ड या पक्षिनोंदींच्या संकेतस्थळावर प्रत्येक स्थळाची महिनावार पट्टी पाहता येते. ती पाहून आपण जाणार त्या आठवड्यात कोणत्या जाती खरोखर दिसतात याची यादी काढावी आणि आपल्याकडे नेहमी दिसणाऱ्या जाती तीतून वगळाव्यात. जी उरेल ती साधारण ५० नावांची यादी पाठ करावी, तीही चित्रांपेक्षा आवाजांनी, कारण पर्जन्यवनात आधी कान लागतो. गोरेवाड्याच्या झाडीत किंवा अंबाझरीच्या काठी सकाळी डोळे मिटून दहा मिनिटे बसावे आणि किती जाती केवळ आवाजावरून ओळखता येतात हे लिहून काढावे. ही सवय झाली की सिंहराजात पहिल्या दिवशी गोंधळ उडत नाही.

मोबाइलवर आवाज वाजवून पक्षी बोलावणे टाळावे. सेरेंडिब घुबडासारख्या पक्ष्याला दिवसातून अनेक गट भेट देतात. प्रत्येकाने आवाज वाजवला तर त्याने ती जागा सोडण्यापलीकडे पर्याय उरत नाही. त्याच्या बसण्याची नेमकी जागा समाजमाध्यमांवर टाकू नये आणि छायाचित्रातील ठिकाणाची नोंदही बंद ठेवावी. वाटाड्याशी मजुरी आधीच ठरवावी, आणि घुबड दिसले तरच पैसे देऊ अशी अट कधीही घालू नये. त्या अटीपायी त्याला पक्ष्याला छेडावे लागते.

दिवसाची यादी त्याच संध्याकाळी मुक्कामावर पूर्ण करावी. पाहिलेले आणि केवळ ऐकलेले वेगळे लिहावे, थव्यातील अंदाजे संख्या टाकावी आणि काय दिसले नाही याचाही उल्लेख करावा.